न्हाणीमागची ऋषींची जागा

वन्सं, तुम्ही गेलात त्याला अजून महिना झाला नाही, आणि माझ्या तोंडाची गेलेली चव परत यायचं नाव घेत नाही. दुःखानं गेली म्हणावं तर तसंही नाही. रडू आलं, पोटभर आलं, ते आपल्या जागी. पण त्या रडण्याच्या वर एक मळमळ येऊन बसली आहे. ती तुमच्या मरणाची नाही, तुमच्या मरणावर जे जेवून गेले त्यांची आहे. हे घरात कुणापाशी बोलायची सोय नाही. तुमच्यापाशी बोलायची सवय होती, ती अजून सुटत नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, दर वेळी मीच वाचून दाखवायची. तेव्हा हेही लिहून झालं की न्हाणीमागं जाऊन मोठ्यानं वाचणार आहे. मल्लाप्पा माळ्याला वाटेल बाईचं डोकं फिरलं. वाटू दे.

तुम्हाला पडवीत निजवलं तिथपासून सांगते. हिरवं लुगडं नेसवलं, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला, मळवट भरला. आणि मग रांग लागली की हो! "अहेव गेली, भाग्याची!" "सोन्याचं मरण आलं माउलीला!" समोरच्या बंगल्यातल्या गोदूबाईंनी तर तुमच्या कपाळाचं कुंकू चिमटीत धरून पदराला बांधून नेलं, सुनेला लावायला. ज्याच्या नावानं तो मळवट होता तो माणूस वैरागला अडतीच्या पेढीवर लोडाला टेकून बसलेला, दुसरी बायको, तिची पोरं, सगळं साग्रसंगीत. तुम्हाला मूल होत नाही म्हणून लग्नानंतर दोन वर्षांत बैलगाडीत बसवून माहेरी पाठवलं आणि पुन्हा कधी हाक म्हणून मारली नाही. आणि तुम्ही भाग्याच्या! आग लागो असल्या सोन्याला. मी तुमच्या पायाशी बसून होते, आणि खरं सांगते, त्या बायकांच्या अंगाला येणारा कापराचा वाससुद्धा मला सोसवेना.

मग तुमचे भाऊ आले. एरवी मी त्यांना 'हे' म्हणते, आज तुमचे भाऊच म्हणणार. डोळे पुसत आले आणि ओंजळभर गुलाब तुमच्या छातीवर ठेवले. पुढच्या बागेतले, तेच, पुण्याहून मागवलेले. आठवतं, एकदा तुम्ही वेणीसाठी त्यातला एक खुडलात तर कोर्टातून आल्या आल्या केवढं अकांडतांडव! "आक्का, ही फुलं प्रदर्शनाची आहेत, डोक्याची नव्हेत." त्यानंतर तुम्ही त्या वाफ्यांकडे ढुंकून पाहिलं नाहीत. मेल्यावर मात्र ओंजळभर. मला ते उचलून फेकावेसे वाटले. सगळे बघत होते म्हणून फेकले नाहीत.

त्या बागेची मला पहिल्यापासूनच शिसारी. सोलापूरचं ऊन ते, चैत्रात खापरावर भाकरी भाजून निघावी असलं, आणि आमच्या वकीलसाहेबांना रेल्वे लाइन्समध्ये बंगला बांधल्याबरोबर विलायती हिरवळ पाहिजे! आम्ही घरातली माणसं हंडाभर पाण्यात अंघोळ उरकायची आणि हिरवळीला मात्र पखाल. आणि ते गुलाबांचं खत! हाडांचा चुरा. पोत्यांनी यायचा. उन्हात त्याचा वास सुटला की जेवण पोटात ठरत नसे. तुम्ही नाकाला पदर लावून म्हणालात, "इंदू, आपल्या घरात कांदा चिरला तर चातुर्मास बाटतो, आणि ही गुरांची हाडं चालतात होय गं?" मी म्हटलं, "विचारा की भावाला." तुम्ही विचारलंतही. त्यांनी उत्तर दिलं, "ते शास्त्रीय आहे." झालं. शास्त्रीय म्हटलं की सोवळं.

आणि हिरवळ तरी कुठं टिकली? नव्या बंगल्यातलं ते दुसरं की तिसरं वर्ष. पावसानं ओढ दिली, विहिरीला तळ दिसला, हिरवळीचं गोणपाट झालं. मग श्रावणात कशीबशी चार शिंतोड्यांची सर येऊन गेली. मी चुलीपाशी होते. तुम्ही मागून हाका मारायला लागलात, "इंदू, ए इंदू, इकडे ये आधी. बघ कोण कोण आलंय!" मला वाटलं पाहुणे. हात पुसत, पदर सावरत धावले. बघते तर तुम्ही न्हाणीच्या मोरीमागं उकिडव्या बसलेल्या, समोर तो गवंड्यांनी टाकलेला चुन्याविटांचा ढिगारा, आणि त्यात हिरवं हिरवं काहीतरी उगवलेलं. मी चिडलेच. "हे दाखवायला बोलावलंत? तण आहे ते."

"तण कुणाला म्हणतेस? ही पाथरी. ही घोळ. हा तांदुळजा, अजून तान्हा आहे. हा आघाडा. माका बघ कसा मोरीला चिकटून आलाय, त्याला ओल लागते. ही रिंगणी, हात लावशील तर बोट फोडेल. आणि तो कोपऱ्यात तरवड."

"पण लावलं कुणी?"

"कुणी लावायचंय गं? जमीन त्यांचीच होती की. बंगला आपण मागनं आणला."

तुम्हाला ही नावं कुठून ठाऊक, हे मी विचारलं. तुम्ही पाथरीचं पान तोडून तिचा चीक बोटावर घेतलात आणि म्हणालात, "सासरी बांधावर हिंडायची ना. तिकडून एवढंच घेऊन आले." वैरागबद्दल तुम्ही इतक्या वर्षांत तेवढंच बोललात. मी पुढं विचारायला हवं होतं की नको होतं, ते आता कळून उपयोग नाही.

त्यानंतर दर वर्षी पाऊस पडून गेला की आपली फेरी ठरलेली. यंदा कुर्डू आली. यंदा केना लांबला. यंदा भिंतीच्या फटीत कावळ्यानं लिंबोळी टाकून कडुनिंब लावला. एका वर्षी तर शेंदाडाचा वेल आला, बंगल्याच्या मागच्या पायरीपर्यंत चढला, आणि त्याला बोराएवढी, मग लिंबाएवढी फळं धरली. पिकल्यावर काय वास सुटला घरभर! मी म्हटलं, "वन्सं, हे बी कुठलं? कुणी खाऊन थुंकलं असेल, माणसानं की कोल्ह्यानं." तुम्ही फोड मीठ लावून माझ्या तोंडात कोंबलीत. "गोड लागतंय ना? मग जात कशाला विचारतेस त्याची?"

तुमच्या भावाला त्या कोपऱ्याची लाज वाटायची. गुलाबांची स्पर्धा होती तेव्हा साहेब आणि मडम बाग बघायला येणार, म्हणून मल्लाप्पाकडून बांबूचे तट्टे उभे करवले, ते रान दिसू नये म्हणून. आणि तुम्हाला सांगितलं, "आक्का, तू मागंच बस." म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच तट्ट्यामागं झाकल्या. मी पुढं लिंबाचं सरबत घेऊन हसत उभी. हसताना गाल दुखत होते आणि आतून असा संताप, की ते पेले एकेक करून हिरवळीवर आपटावेत. सरबताचं तबक भरायला मागं आले तर तुम्ही तट्ट्याच्या फटीला डोळा लावून घोळ निवडत बसलेल्या. "इंदू, मडमेचे बूट बघितलेस? नाव करून भीमेत सोडावेत एवढे!" मला हसू फुटलं ते आवरेना. त्या दिवशी मी तुमच्यामुळं वाचले, वन्सं. हे तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं.

तट्टे निघाले आणि फर्मान आलं. तो उकिरडा खणून काढायचा, फरशी टाकायची, तिथं डास होतात. मल्लाप्पा कुदळ घेऊन आला. "आक्का, मालक म्हनत्यात समदं काडून टाक. लई साप-किरडूबी असतंय तितं." तुम्ही आघाड्याची काडी दातात धरून उभ्या होतात. शांतपणे म्हणालात, "सांग तुझ्या मालकाला, मी ऋषिपंचमी धरली आहे. ही ऋषींची जागा आहे. हिला कुदळ लागली की व्रत मोडलं, आणि दोष ज्याची कुदळ त्याला." मल्लाप्पा कुदळ खांद्यावर टाकून निघून गेला. आणि तुमचे भाऊ? सभेत रूढींना तासभर झोडपणारे, आणि मांजर आडवं गेलं की टांगा परत फिरवणारे. गप्प बसले. उपाध्ये भटजींना विचारलं, त्यांना तुम्ही आधीच शिधा धाडला होता. ते म्हणाले, "बाईंच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

मी मात्र गप्प बसले नाही. आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते तुम्ही अर्धं टाकून गेलात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. नांगरलेलं धान्य नको, मोटेच्या पाण्यावरची भाजी नको, घाणा बैल ओढतो म्हणून तेलसुद्धा नको. जे आपलं आपण उगवलं तेच. पण कुदळ कुठून आली? "कुठल्या शास्त्रात आहे हो, वन्सं?"

"माझ्या. दिवसभर राबणारा मल्लाप्पा बैलाहून वेगळा आहे होय?"

"बरं, ते राहू दे. हे व्रत कशासाठी असतं ते तरी ठाऊक आहे ना? महिन्याच्या त्या चार दिवसांत बाईचा हात चुकून कशाला लागला असेल त्याचं पाप फेडायला. पाप! देवानं दिलेलं शरीर, आणि त्याची माफी मागायची सात दाढीवाल्यांसमोर! मला किळस येते त्याची."

"येऊ दे की."

"तुम्हाला नाही येत?"

तुम्ही तांदुळजा निवडता निवडता म्हणालात, "येते. पण भाजी ताजी मिळते."

आणि ती भाजी! ना तेल, ना फोडणी, ना गूळ, नुसता पाला शिजवून मीठ टाकलेला. दर वर्षी तुम्ही वाटी पुढं करायचात, दर वर्षी मी एक घास खाऊन म्हणायची, "भिकार." तुम्ही म्हणायचात, "व्रत ज्याचं त्याला गोड लागतं." आणि आळीतल्या बायका मात्र त्या दिवशी पहाटेपासून टोपल्या घेऊन फाटकाशी हजर, कारण पेठेतल्या मंडईतली भाजी मळ्यातली, मळा मोटेवरचा. न नांगरलेलं रान साऱ्या रेल्वे लाइन्समध्ये तुमच्याच न्हाणीमागं. तुम्ही एकेकीला खुडून द्यायचात, मुळासकट उपटू द्यायच्या नाहीत.

तुमचं वय झालं, केस पिकले, ते चार दिवस संपूनही कितीतरी वर्षं झाली. उद्यापनाचं तुम्ही नावच काढत नव्हतात. भटजी मागं लागले. तुम्ही म्हणालात यंदा अधिक महिना आहे. पुढच्या वर्षी म्हणालात गुडघे दुखतात. मी थट्टा करायची, "वन्सं, आता कसला विटाळ उरलाय तुम्हाला? टाका की उरकून." तुम्ही म्हणायचात, "असू दे गं. ऋषी काय तगादा लावतात होय?" मला वाटायचं, जुन्या वळणाची बाई, सुटत नाही. वाद घालून घालून माझा घसा बसला, तुमच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

आता तेराव्याचं ऐका. गोत्रानं तुम्ही त्या वैरागकराच्या, म्हणून दिवस करायचा मान त्याचा. आला की! दहाव्याला आला, तुपकट, पोट सुटलेला, बोटांत अंगठ्या. पिंड दिले आणि हात धुतल्याबरोबर विचारतो, "दही घरचंच का?" तेराव्याला जिलब्या झाल्या. कुणाला सुचल्या देव जाणे. तो पुन्हा पुन्हा मागून खात होता. मग पानाचा तोबरा भरून मागं आला, मोरीपाशी उभा राहिला, आणि पचकन थुंकला. आघाड्यावर. लाल ओघळ पानावरून खाली. तुम्ही बांधावरून आणलेल्या नावांवर तो थुंकला, आणि ढेकर देऊन म्हणाला, "रान फार माजलंय इथं." माझ्या हातात पाण्याची कळशी होती. मी ती त्याच्या पायांवर ओतली. चुकून सांडली असं सांगितलं. ओतली होती, वन्सं, सगळी.

मग उष्ट्या पत्रावळी. टाकायला जागा कुठली? तुमचीच. पाकात लडबडलेल्या पत्रावळी, त्यावर मुंग्या, माश्या, रात्रभर कुत्र्यांची भांडणं. सकाळी मी पदर खोचून एकेक पत्रावळ उचलली. हाताला जो वास लागला तो शिकेकाईनं धुतला, राखेनं घासला, तरी जाईना. वास पत्रावळींचा होता, पण मला त्यात त्या सगळ्या पंगतीचा वास येत होता. खाली पाथरी दबलेली, पिवळी पडलेली, जिवंत होती.

आणि मग कळस. चार मंडळी ओसरीवर बसली होती. त्यातल्या एकानं तुमच्यावर भाषणच ठोकलं, तुम्हाला अंगणातली तुळस म्हणाला. तुळस! त्याला तुमच्या अंगणात नुसती रिंगणी उपटायला बसवायला हवा होता. तुमचे भाऊ गहिवरून म्हणाले, "आक्काला ती मागची जागा फार प्रिय. तिथंच तिचं स्मारक करू. शहाबादी फरशीचा चौथरा, मध्ये कारंजं, आणि वर संगमरवरी पाटी." पाटीवर काय? 'अखंड सौभाग्यवती', आणि खाली वैरागकराचं नाव, ठसठशीत. तुमचं त्याच्याहून बारीक. मी आतून म्हटलं, "ती ऋषींची जागा आहे." तर म्हणाले, "व्रत आक्काचं होतं, तिच्याबरोबर गेलं. उद्यापन झालं असं धरायचं. जागा मोकळी झाली."

जागा मोकळी झाली! मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. अगं बाई, म्हणून होय! म्हणून अधिक महिना, म्हणून गुडघे. उद्यापन केलं असतंत तर दुसऱ्या दिवशी कुदळ आली असती. केस पिकेपर्यंत तुम्ही ते नासकं पाप डोक्यावर वागवलंत, नसलेल्या विटाळाची माफी मागत राहिलात, एवढ्याशा घोळीसाठी. आणि मला सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी भांडणं थांबवली असती का? नसती. व्रत घाणेरडं आहे असंच म्हणाले असते, आजही म्हणते. पण त्या तट्ट्याच्या फटीशी तुमच्या शेजारी बसले असते.

फरशी आली ती नेमकी ऋषिपंचमीच्या सकाळी. बैलगाडी फाटकातून आत आली, मागं गवंडी, मल्लाप्पाच्या हातात पहार. बायका टोपल्या घेऊन बाहेर ताटकळलेल्या, त्यांना यंदा भाजी नाही असं कळलेलं. गोदूबाई पुढंच. भटजी नेहमीच्या सवयीनं आलेले आणि शिधा बुडाला म्हणून चेहरा पाडून बसलेले.

मी उठून न्हाणीत गेले. आघाड्याच्या काड्यांनी दात घासले, कडू कडू झालं तोंड. डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानं त्या रानात जाऊन उभी राहिले, रिंगणीचे काटे पायाला लागत होते. "भटजी," मी म्हटलं, "इकडे या. मला ऋषिपंचमीचं व्रत धरायचं आहे. संकल्प सांगा. सगळ्यांसमोर."

तुमचे भाऊ धावत आले. "तू? तू तर या व्रताची थट्टा करायचीस!"

"अजून करते."

"मग हा काय तमाशा?"

"तुम्हीच सांगा या सगळ्या जणींना, बायकोला व्रत धरू देत नाही म्हणून." फाटकातल्या बायका कुजबुजल्या. त्यांनी बायकांकडे बघितलं, भटजींकडे बघितलं, पहारीकडे बघितलं. त्यांचं तोंड आंबट झालं.

भटजींनी तळहातावर पाणी दिलं आणि संकल्प सांगायला लागले. रजस्वला, दोष, पाप, परिहार. एकेक शब्द मला माझ्या तोंडानं उच्चारावा लागला, मल्लाप्पासमोर, गवंड्यांसमोर, त्या बायकांसमोर, माझ्या नवऱ्यासमोर. पोटातून ओकारी वर आली. मी ती गिळली आणि पुढचा शब्द म्हटला. तुम्ही हे वर्षानुवर्षं केलंत! कसं केलंत हो? पाणी सोडलं. मग मल्लाप्पाकडे वळून म्हटलं, "ही ऋषींची जागा आहे. हिला लोखंड लागायचं नाही. दोष ज्याची पहार त्याला." मल्लाप्पानं पहार गाडीत टाकली. "व्हय बाई," म्हणाला, "आमाला कशाला की दोष!" गाडी आली तशी परत गेली. कारंज्याचा चौथरा आता पुढच्या हिरवळीत होणार आहे, होऊ दे.

बायकांना मी खुडून दिलं, उपटू दिलं नाही. गोदूबाईंनाही दिलं.

दक्षिणा कनवटीला लावता लावता भटजी म्हणाले, "वहिनी, सात वर्षं यथासांग करा, मग उद्यापन उरकून टाकू."

मी म्हटलं, "बघू. ऋषी काय तगादा लावतात होय?"

दुपारी एकटीच बसले. तांदुळजा, घोळ, पाथरी, थोडा केना. तेल नाही, फोडणी नाही. तुमच्या पितळेच्या वाटीत वाढून घेतली. भिकारच झाली होती, वन्सं, दर वर्षीसारखी. सगळी खाल्ली. मग वाटी पुन्हा भरली, आणि तुमच्या वाटणीचीही खाल्ली.